ईमेलचं बोलावणं

"सारी गल्ली मोबाइल हातात धरून आंगनात बसून हाय, अन् बोलावन्याले कोनी फिरकलं नाही. काहून रे बाबू? आता आमी बिनबोलावन्याचं वाचाव का?"

काकू आमच्या दारात उभी राहून ओरडत होती. काकू नात्यातली नाही. गल्लीच्या टोकाला, तलावाच्या पाळीला टेकून तिचं घर. नवरा आणि पोरं तलावात जाळी टाकायची आणि काकू बाजारात मासे विकायची. ओरडून ओरडून तिचा गळा असा कमावलेला होता की तिने आंधळगावात भाव सांगितला तर मोहाडीचं गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करायचं. तो आवाज त्या दिवशी माझ्यापासून चार हातांवर होता आणि मी तिला उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण मी खड्ड्यात होतो.

मागाच्या खड्ड्यात. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, माग ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो: आमच्याकडे विणणारा जमिनीवर बसत नाही, जमिनीत बसतो. कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडायचे, खाली पायाने माग चालवायचा आणि वर हाताने धोटा फेकायचा. आमचं सगळं खानदान कमरेखाली जमिनीत आणि कमरेवर घरात राहिलं. आजोबांना मी पहिल्यांदा उभं पाहिलं तेव्हा ओळखलंच नाही. घरात कोण उंच पाहुणा आला म्हणून मी पाया पडलो होतो.

त्या रविवारी सकाळी मी तिथं विणायला बसलो नव्हतो. आमच्या घरात नेटवर्क यायचं ते फक्त त्या खड्ड्यात. आढ्यावर येत नव्हतं, अंगणात येत नव्हतं, छपरावर चढलं तर असलेलंही जायचं. खड्ड्यात मात्र भरभरून. कंपनीने टॉवर उलटा गाडला असावा असं माझं मत होतं. तर बाबांनी अर्धी विणलेली साडी जुन्या धोतराने झाकून दिली, खड्ड्यावर आडवा पाट टाकला, पाटावर मी लॅपटॉप मांडला आणि पडद्यावर पुण्याचे साहेब बसले. पडद्याच्या एका कोपऱ्यात साहेब, दुसऱ्या कोपऱ्यात एक आकडा. मी पाठवलेलं पत्र किती वाचकांनी उघडलं, तो आकडा.

आकडा शून्य होता. साहेब शून्याकडे पाहत होते, मी साहेबांकडे, बाबा भिंतीला टेकून माझ्याकडे, आणि काकू दारातून आम्हा सगळ्यांकडे.

हे शून्य तिथं कसं आलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

बाबांचे गुडघे गेले होते. खड्ड्यातून वर येताना ते असे वाजायचे की शेजारच्यांना वाटायचं कोणाचं लग्न लागलं. उन्हाळ्यातच त्यांनी सांगून टाकलं की दिवाळी झाली की माग तू घे. त्यांनी ते रागाने सांगितलं नाही, पोराला घर देतात तसं सांगितलं. पण मला ते ऐकताना खालची माती पायाला लागायला लागली. मी भंडाऱ्याला जाऊन बी.ए. केलेलं, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. एकदा खड्ड्यात बसलो की मी काही वर येत नाही, हे मला आजोबांवरून माहीत होतं. दिवाळीच्या आत बाहेर पडायचं होतं. कुठंही चाललं असतं, फक्त जमिनीच्या वर.

त्याच दिवसांत मी कुठंसं वाचलं की जगात लोक ईमेलने पत्रं पाठवतात, दर आठवड्याला एक, त्याचे वाचक वाढवत नेतात आणि एके दिवशी नोकरी सोडून घरी बसून खातात. माझ्याकडे सोडायला नोकरी नव्हती आणि घरी बसून मी खातच होतो, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. राहिले वाचक.

लिहायला काय, तोटा नव्हता. आमच्या तलावातला मासा एकदा काकूच्या नवऱ्याने बाहेर ओढला तर तलावाचं पाणी हातभर खाली गेलं, ही माझी पहिली गोष्ट. धान एवढं दाट आलं की त्यात शिरलेली म्हैस कापणीला सापडली, तीही वासरासकट, ही दुसरी. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमची आत्या गोंदियाकडे राहिली आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरी आली की परदेशातून आल्यासारखी सगळ्यांना वस्तू वाटते, ही तिसरी. यातली तिसरी जवळजवळ खरी आहे.

वाचक शोधायला मी आधी जवाहरनगरला गेलो. म्हटलं, सरकारी क्वार्टरमधली शिकलेली माणसं, सगळ्यांकडे ईमेल, सगळ्यांकडे पंखा, पंख्याखाली बसून वाचतील. दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या बसा सुटतात तिथं मी कागद घेऊन उभा राहायचो. लोकांनी पत्ते दिले आणि हसत दिले. मी खूश. नंतर लक्षात आलं की बस सुटायला आली असताना समोरच्या माणसाला टाळायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे त्याला ईमेलचा पत्ता देऊन टाकणं.

पहिलं पत्र पाठवलं. कोणी उघडलं की मला दिसायचं. एकाने उघडलं. मी त्या एकासाठी आईला शिरा करायला लावला. मग पाहिलं तर यादीत पहिला पत्ता माझाच होता.

या धंद्यातले जाणकार सांगतात की पत्राचं शीर्षक असं ठेवा की वाचणाऱ्याला राहवलं नाही पाहिजे. पुढच्या रविवारी मी शीर्षक ठेवलं: तुमच्या घरात चोर शिरला आहे. तरी कोणी उघडलं नाही. तिथं पहारा एवढा कडक, कोणाचा विश्वासच बसला नसेल. मग वेळ बदलून पाहिली. मग शीर्षकात एक वाघ टाकला. वाघसुद्धा तसाच पडून राहिला, बंद पाकिटात, उपाशी.

आई तेव्हा चरख्यावर कांड्या भरत होती. मी तिच्यासमोर बसून रडगाणं गायलं की एवढ्या लोकांना सांगितलं, एवढे हो म्हणाले आणि एकही आला नाही. तिने धागा तोडला आणि विचारलं, "आवतन देल्लं ना? मंग बोलावनं केलं का?"

आता हे बाहेरच्या माणसाला समजायला कठीण आहे. आमच्याकडे घरी जेवण असलं की आदल्या दिवशी पिवळे तांदूळ घेऊन घरोघर जायचं आणि सांगायचं, उद्या जेवायचं आवतन आहे जी. तेवढ्यावर कोणी येत नाही. दुसऱ्या दिवशी पानं मांडली, भात उतरला की पुन्हा माणूस पाठवायचा, पुन्हा प्रत्येक दारात, चला जी, बोलावणं आहे. तेव्हा लोक उठतात. हे दुसरं बोलावणं चुकलं तर माणूस उपाशी राहील पण उंबरा ओलांडणार नाही. काकूचंच घ्या. तिच्या सख्ख्या भावाच्या घरी लग्न, मांडव तिच्या भिंतीला लागून, वरणाची वाफ तिच्या स्वयंपाकघरात शिरते आहे आणि गडबडीत तिचं बोलावणं राहिलं. काकू दिवसभर दारात बसली. वाफेवर जगली. संध्याकाळी भावाने पाय धरले तर म्हणाली, पाय कायले धरतोस, पाय तर घरीच होते. तो भाऊ अजून तिच्याकडून मासे विकत घेत नाही, म्हणजे तीच देत नाही.

आणि मी मूर्ख, यंत्राने आवतन धाडून, पानं मांडून, एकटाच बसलो होतो.

जवाहरनगरचा नाद मी सोडला आणि गल्लीत शिरलो. ईमेल कोणाकडे नाही, असं प्रत्येकाने सांगितलं. पण ज्याच्याकडे टचचा मोबाइल आहे त्याच्या मोबाइलच्या पोटात ईमेलचा पत्ता असतोच. दुकानदाराने मोबाइल चालू करताना घालून ठेवलेला असतो, मालकाला पत्ता नसतो. मी तो शोधून काढायचो. एका म्हाताऱ्याला त्याच्या मोबाइलात त्याच्याच नावाचा पत्ता निघालेला दाखवला तर तो घाबरून म्हणाला, हे कोनं टाकलं, मी तर भाडं देत नाही याचं.

शनिवारी मी पिवळे तांदूळ घेऊन निघायचो: उद्या सकाळी चिठ्ठीचं आवतन आहे जी. काकूने पहिल्याच दारात अडवलं. तिचा प्रश्न बरोबर होता. घरामागे एक की चूलबंद? घरामागे एक म्हणजे घरातल्या एकाच माणसाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. मी विचार न करता म्हणालो, चूलबंद. तिने आत जाऊन घरातले सगळे मोबाइल आणले, नवऱ्याचा, पोरांचा, सुनांचा, एक बंद पडलेलाही आणला, आणि सूप पुढं करावं तसे पुढं केले. वाचक वाढवण्याचे जे उपाय जगात सांगतात त्यात हा कुठं नाही, पण यासारखा उपाय मी पाहिला नाही. प्रत्येक घर चूलबंद. यादी अशी फुगली की तिला रात्री झोपताना कूस बदलता येईना.

आणि रविवारी सकाळी पत्र पाठवलं की मी धावत सुटायचो. दारोदार. चला जी, चिठ्ठी आली, बोलावणं आहे. घरातले सगळे मोबाइल घेऊन अंगणात बसलेले असायचे, टिंग वाजलेलं असायचं, पण मी दारात दिसल्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही. मी दिसलो की सगळी बोटं एकदम. ज्याला जमत नाही त्याचं मी उघडून द्यायचो, ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा. ज्यांच्या म्हशी माझ्या गोष्टीत हरवल्या होत्या ते आपापल्या म्हशी मोजून यायचे. घरी येऊन आकडा पाहावा तर ज्यांना पाठवलं ते जवळजवळ सगळेच. या धंद्यात पाचातल्या एकाने उघडलं तरी लोक पेढे वाटतात म्हणे.

पण बोलावण्याचं एक आहे. ते एकदा केलं की दर वेळी करावं लागतं. ताप आला तरी रविवार चुकत नव्हता. काकूच्या सुनेने मला घोंगडीत गुंडाळून दारोदार उभं केलेलं आहे. मामाच्या मुलीचं लग्न रविवारी निघालं तर मी गेलो नाही. कोणाचं दार आधी यावरून कटकट. देवळाकडून सुरुवात केली तर तलावाकडचे तोंड फिरवायचे, तलावाकडून केली तर देवळाकडचे चहा द्यायचे पण साखर विसरायचे. आणि चहा किती. सगळ्या दारांचा धरला तर आमच्या तलावाला एवढं पाणी कोणत्याच पावसाळ्यात आलं नसेल. बाबा एकदा सहज म्हणाले की माझा खड्डा घरात आहे, तुझा साऱ्या गल्लीभर पसरला. मी हसलो नाही. मला रात्री स्वप्नात दारं दिसायला लागली होती, सगळी आतून उघडी, आणि प्रत्येकात माणसं मोबाइल घेऊन माझी वाट पाहत बसलेली.

गणपती गेले तेव्हा पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. दुसऱ्या लोकांच्या वतीने ईमेलची पत्रं पाठवायची आणि त्यांचे वाचक वाढवायचे, हेच त्यांचं काम. मी माझ्या आकड्याचं चित्र काढून पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन. हे खरं आहे का, एवढंच ते फिरवून फिरवून विचारत होते. जन्मात एक गोष्ट मी न वाढवता सांगितली होती आणि नेमका तिच्यावर माणसाचा विश्वास बसेना. कसं करता, विचारलं त्यांनी. आता मी तांदूळ कसे सांगणार? मी म्हणालो, वाचकांशी जिव्हाळ्याचं नातं जोडतो. साहेब म्हणाले, छान, मग येत्या रविवारी आपण दोघं मिळून पाहू. तुम्ही माझ्यासमोर पत्र पाठवा, समोरच बसा, आकडा चढताना मला दाखवा. चढला तर पुण्याला या.

फोन ठेवला आणि मला कळलं की मला कोणीतरी पोत्यात घालून तोंड बांधलंय. आकडा चढायचा तर मला गल्लीत फिरलं पाहिजे, आणि नोकरी मिळायची तर मला खड्ड्यात बसलं पाहिजे. पत्र पाठवण्याआधीच बोलावणं करून येता आलं नसतं. भात उतरायच्या आधी बोलावणं करणं हा न बोलावण्याहून मोठा अपमान. लोक आले आणि पानावर काहीच नाही. आईला पाठवलं असतं, पण ती माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला तुमसरला गेलेली. बाबा तर अशा कामाला निघतील हे मी माझ्या गोष्टीतसुद्धा लिहिलं नसतं. त्यांच्या मते बोलावणं जेवणाचं असतं, लग्नाचं असतं, मयतीचं असतं. मोबाइलात काय आलं ते बघायला चला म्हणून सांगत फिरणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं.

मी शनिवारी आवतन देऊन आलो आणि रात्री स्वतःला समजावलं. एवढे महिने झाले. सवय लागली असेल. घरचीच माणसं आहेत, एक रविवार आपल्या पायाने येतील.

आपल्या माणसांना मी किती कमी ओळखत होतो ते पाहा.

साहेब म्हणाले, पाठवा. मी पाठवलं. खिडकीतून मला गल्ली ऐकू येत होती. टिंग. पलीकडे टिंग. मग टिंग टिंग टिंग करत आवाज देवळापर्यंत गेला आणि तलावापर्यंत आला, सगळ्या गल्लीच्या दातावर कोणी चमचा फिरवल्यासारखा. मग एकदम शांत. ती शांतता मी ओळखली. जेवणाच्या दिवशी पानं मांडून झाल्यावर बोलावण्याची वाट पाहणाऱ्या घरांतून जी येते तीच. गल्लीतली एकूण एक बोटं मोबाइलच्या वर अर्ध्या वितीवर थांबली होती आणि दाराकडे बघत होती.

आकडा शून्य. साहेबांनी चष्मा पुसला. मी म्हणालो, इकडं नेटवर्क जरा हळू आहे. साहेब म्हणाले, तुमचा चेहरा तर स्वच्छ दिसतोय.

तेवढ्यात काकू आली आणि ओरडायला लागली, ते तुम्ही ऐकलंच आहे.

साहेबांनी विचारलं बाहेर कोण आहे. मी म्हणालो, भाजीवाली. हे माझं त्या सकाळचं दुसरं चुकलेलं गणित. काकू आत आली, खड्ड्याच्या काठावर वाकली, आणि तिची सावली लॅपटॉपवर पडली.

"भाजीवाली कोनाले म्हंतेस बे? साऱ्या जिंदगीत मासे इकले म्या."

मी खड्ड्यातून तिला डोळ्यांनी विनवलं, भुवयांनी विनवलं, पाटाखालून पायाने विनवलं. तिला काही समजलं नाही आणि ती पुन्हा तोंड उघडणार एवढ्यात बाबा भिंतीपासून सुटले. दिवाळीनंतर मला त्याच खड्ड्यात बसवायला निघालेला माणूस. मी इथंच राहिलो तर ज्यांच्या गुडघ्यांचं भलं होणार होतं ते हेच. ते तिच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पोट्ट्याची नोकरी अडकली हाय यात वैनी. त्याले उठता येऊन नाही राहिलं."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्यातल्या साहेबांकडे पाहिलं, जाळ्यात काहीतरी अनोळखी आल्यासारखं. तिने एकच विचारलं, तांदूळ कुठं ठेवले आहेत. बाबांनी भिंतीतल्या देवळीकडे बोट केलं. तिने मूठ भरून घेतली. बोलावण्याला तांदूळ लागत नाहीत, ते आवतनाला लागतात, पण तिला ते रिकाम्या हाताने बरं वाटत नसावं. आणि ती निघाली.

पहिलं दार आमच्या समोरचं. चला जी, बोलावणं आहे, काकू म्हणाली, आणि आकडा शून्यावरून चारावर गेला. चूलबंद घर. साहेब पुढं सरकले. दुसरं दार, काकूची हाक, आकड्याची उडी. तिसऱ्या दारावर कोणी तरी काही कुरकुरलं, काकूने त्यांना त्यांच्या सात पिढ्यांची आठवण करून दिली, आणि आकडा पुढं. तिचा आवाज देवळाकडे जात जात बारीक होत होता आणि आकडा फुगत होता. मधेच ती एका घरी पाणी प्यायला थांबली असणार, आकडाही थांबला. साहेब खुर्चीच्या काठावर आलेले. मग पुन्हा हाक. पुन्हा उडी. मी खड्ड्यात बसून हात जोडले होते, कोणाला ते मलाही माहीत नाही.

काकूची हाक शेवटी एवढी लांब गेली की मला ती ऐकू आली असं वाटलं की फक्त आकड्यावरून समजली, ते सांगता येत नाही. पण साहेबांना कान होते. त्यांनी मला सरळ विचारलं की ती बाई दारात ओरडते आणि इथं आकडा वाढतो, हे मी दहा मिनिटं पाहतोय, हा काय प्रकार आहे.

मी खूप काही सांगू शकलो असतो. माझ्याकडे त्या क्षणी तीन गोष्टी तयार होत्या, एकात तर काकू माझी संशोधन सहायक होती. पण त्या जागेवरून कुठं पळणार? मागं भिंत, पुढं पाट, खाली माती. मी सांगून टाकलं. तांदूळ, आवतन, बोलावणं, चूलबंद, चहा, सगळं.

साहेब हसले. वाईट नाही हसले. बराच वेळ हसले, डोळे पुसले, मग त्यांचा चेहरा हळूहळू कंपनीचा झाला. ते म्हणाले, "माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. तुम्ही पुण्यात येऊन कोणाचं दार वाजवणार?"

मी म्हणालो, शिकेन. ते म्हणाले की हे शिकता येण्यासारखं असतं तर तुमच्याआधी आम्हीच शिकलो असतो. तुम्ही तिथंच बरे आहात. आणि पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात मला माझं तोंड दिसलं आणि मागं बाबांचं धोतर.

बाबा खड्ड्याजवळ आले. ते खाली वाकले, गुडघे वाजले, आणि त्यांनी पाटावर लॅपटॉपच्या शेजारी धोटा ठेवला. हळूच ठेवला, आवाज होऊ न देता. मी आजवर एवढं मोठं काही ऐकलेलं नाही.

थोड्या वेळाने काकू आली. घामाघूम, चहाने तुडुंब, मुठीत दोन-चार तांदूळ चिकटलेले. उंबऱ्यावर बसली आणि पदराने वारा घ्यायला लागली. मी खड्ड्यातूनच तिला सगळं सुनावलं. तू त्या आवाजात ओरडली नसतीस तर नोकरी हातात होती म्हणालो. आता दिवाळीनंतर मी या खड्ड्यात बसणार, माझी पोरं बसणार, त्यांची पोरं मला उभं पाहून पाया पडणार म्हणालो. दर रविवारी तुमची दारं आणि बाकीचे सहा दिवस हा माग, यातून आता मला कोणी काढत नाही म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. राग आला की माझं बोलणं माझ्या गोष्टींसारखं होतं, म्हैस आत शिरली की वासरासकटच बाहेर येते.

काकूने सगळं ऐकून घेतलं. मग कमरेचा मोबाइल काढला, तिच्या चिठ्ठीवर अजून बोट लागलेलं नव्हतं ते मला दाखवलं, आणि तो मांडीवर उलटा ठेवला.

"साऱ्या गल्लीले म्या बोलावलं," ती म्हणाली. "मले कोनी बोलावलं?"